पेढे वाटून झाल्यावर

कॅन्सर झालेल्या माणसाशी कसं वागायचं हे आपल्या समाजाला पक्कं पाठ आहे. शहाळी न्यायची. सफरचंदं न्यायची, तोंड आलेल्या पेशंटला ती चावत नाहीत, घरातली इतर मंडळी खातात, तरी न्यायची. बोलताना आवाज एक पट्टी खाली आणायचा. मग आपल्या नात्यातल्या कुणा मावससासूबाईंना अगदी हाच आजार कसा झाला होता ती हकिकत सुरू करायची. ती चांगली रंगात आली की सांगणाऱ्यालाच आठवतं, त्या बाई शेवटी वारल्या. तेव्हा "पण त्या काळी एवढे उपाय कुठे होते हो" असं म्हणत चहाचा कप उचलायचा. उंबऱ्यावर चपला घालताना "पॉझिटिव्ह राहायचं बरं का" एवढं सांगितलं की भेट यथासांग पार पडते.

माझी या भेटींबद्दल तक्रार नाही. माणसं येत होती, घर भरलेलं राहत होतं. कुणी गव्हांकुराचा रस सुचवला, कुणी गोमूत्र, कुणी गुळवेल, आणि एका गृहस्थांनी रोज पहाटे गच्चीवर जाऊन टाळ्या वाजवा म्हणून सांगितलं. डॉक्टरांना विचारलं, तर ते यातल्या टाळ्या तेवढ्या चालतील म्हणाले.

ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. रेडिएशनला आमच्या इस्पितळात सगळ्या बायका "लाईट" म्हणतात. शेवटची लाईट घेऊन घरी आले त्या संध्याकाळी यांनी सबंध बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. पेढे वाटले की गोष्ट संपते, असा आपल्याकडचा नियम आहे. पास झाला, नोकरी लागली, नातू झाला, कॅन्सर गेला. लोकांनी पेढा खाल्ल्यानंतर आपण तक्रार करायची नसते.

आणि माझ्या तक्रारी तर तिथूनच सुरू झाल्या. मी जन्मभर बँकेच्या काउंटरवर बसलेली बाई, त्यामुळे मला ते चटकन कळलं: मुद्दल फिटलं होतं, व्याज चालू झालं होतं. शहाळी मिळतात ती मुद्दलावर. सुजलेल्या हाताला, बधिर झालेल्या तळपायांना, भर थंडीत फुटणाऱ्या घामाला कुणी शहाळं आणत नाही. शिवाय ही दुखणी गंभीर चेहऱ्याने ऐकण्यासारखी नसतातच. "माझा डावा दंड उजव्यापेक्षा जाड झालाय, आता ब्लाउजच्या दोन बाह्या दोन मापांच्या शिवाव्या लागतात" हे ऐकलं की समोरच्याला हसू येतं. त्याने ते दाबलं तर आपल्याला अवघडल्यासारखं होतं, आणि नाही दाबलं तर राग येतो. 

हाताचं असं आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे सगळे ज्यांना "काखेतल्या गाठी" म्हणतात त्या, काढाव्या लागल्या तर त्या हातातल्या पाण्याचा निचरा अडतो. रक्ताला ढकलायला हृदय आहे. या पाण्याला वाली नाही. हात हलला, स्नायू आवळले की ते पुढे सरकतं, नाहीतर तिथेच बसून राहतं. काहींना ही सूज महिन्यांत येते, काहींना वर्षांनी, पुष्कळांना येतच नाही. मला आली. मग नियमांचं छापील पत्रक मिळालं. या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, ओझं नाही, भाजू द्यायचं नाही, कापू द्यायचं नाही, डास चावू द्यायचा नाही. मी डोंबिवलीला राहते.

यांनी ते पत्रक पाठ केलं. पाण्याची बादली ते उचलू लागले, गिरणीतून दळण ते आणू लागले, कुकर ते उतरवू लागले. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला न आलेला मान माझ्या डाव्या हाताला मिळाला. पुढे आमच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एक निराळीच गोष्ट सांगितली. कॅथरिन श्मिट्झ नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी हाताला सूज असलेल्या बायकांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत, चक्क वजनं उचलायला लावली आणि 2009 मध्ये निष्कर्ष छापले. सूज वाढली नव्हती. उलट ती उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले होते. बीपीच्या पट्ट्याची आणि सुईची धास्तीसुद्धा पूर्वी वाटायची तेवढी खरी नाही, असं पुढच्या अभ्यासांतून दिसत गेलं. मुलीने हे नीट समजावून सांगितलं आणि माझ्या हातात अर्ध्या किलोचं डंबेल दिलं. घरात ही बातमी मी अजून फुटू दिलेली नाही. बादली तेच उचलतात. हा अंकही घरी येणार नाही अशी व्यवस्था केली आहे.

सूज आटोक्यात राहावी म्हणून हातात एक घट्ट बाही घालायची असते, मनगटापासून काखेपर्यंत. ती सकाळी चढवायची आणि रात्री उतरवायची. उतरवणं सोपं असतं. चढवताना दुसऱ्या हातात भांडी घासायचा रबरी मोजा घालायचा, म्हणजे कापडाला पकड येते, आणि मग सुरकुती पडू न देता ती इंच इंच वर सरकवायची. मे महिन्यात ही बाही चढवून होईपर्यंत दुसऱ्या अंघोळीची वेळ होते. तिच्या खोक्यावर रंग लिहिलेला असतो "स्किन". कुणाच्या कातडीवरून तो ठरवला ते कंपनीला माहीत. आमच्या खानदानात त्या रंगाचं कुणी जन्माला आलेलं नाही. त्यामुळे गहूवर्णी खांद्याला परदेशी हात लावल्यासारखा दिसतो, आणि लोकलच्या बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर टेकलं की पलीकडची पहिला प्रश्न विचारते, "हाताला काय झालं हो?"

या प्रश्नाचं उत्तर मला बाकड्याने शिकवलं.

बाकडं म्हणजे फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरचं लोखंडी बाक. गुरुवारी तिथे आम्ही जमतो. इस्पितळात माणसाचं नाव फाईलवर राहतं आणि ओळख गावावरून होते, म्हणून मी डोंबिवली. परभणीच्या वहिनी आहेत. उपचार चालू असताना त्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिल्या आणि मुंबईचा त्यांचा सगळा नकाशा दादर ते परळ एवढाच आहे. नंदुरबारकडच्या एक ताई आहेत, सध्या लेकाकडे ठाण्याला. लालबागच्या शिवणवाल्या ताई आहेत. आणि कल्याणच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना आम्ही नुसतं "बाई" म्हणायचो, कारण त्या आल्या की आपण होऊन सरळ बसायला व्हायचं. कोण आज आलं नाही, का आलं नाही, कुणी व्यायाम केला नाही, याची त्या हजेरी घ्यायच्या. भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा एक व्यायाम असतो. जिथवर बोटं पोचली तिथे घरी पेन्सिलीने खूण करायची. बाई ती भिंत मोबाइलवर फोटो काढून आणायला लावायच्या. माझ्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या जुन्या खुणा आहेत, त्यांच्याशेजारीच मी माझ्या केल्या. बाईंनी फोटो बघून शेरा मारला, "मुलगा तुमच्यापेक्षा भराभर वाढलेला दिसतोय."

तर, "हाताला काय झालं?" बाईंनी या प्रश्नाची उत्तरं ठरवून दिली होती. विचारणारी खरंच काळजीने विचारत असेल तर खरं सांगायचं. नुसती वेळ जात नाही म्हणून विचारत असेल तर मनाला येईल ते सांगायचं. नंदुरबारच्या ताई "गोंदवून घेतलंय, झाकलंय, सुनेला आवडत नाही" म्हणून सांगतात. मी एकदा "बॅडमिंटन" म्हणाले. साठीला टेकलेल्या बाईने बॅडमिंटन म्हणावं आणि डब्याने ते मुकाट मान्य करावं, एवढा काही आपला लोकांवर विश्वास नव्हता. पण समोरच्या बाईने घाटकोपर येईपर्यंत मला आपल्या मुलीच्या कोचिंगबद्दल सल्ला विचारला. मी दिला.

केमोने पायांचं जे केलं त्याचीही एक कथा आहे. मला मिळालेल्या औषधांत पॅक्लिटॅक्सेल होतं. त्याने हातापायांच्या टोकांच्या नसा बधिर होतात. काहींच्या नंतर पूर्ववत होतात, काहींच्या अर्ध्यामुर्ध्या. नंदुरबारच्या ताई एकदा मंडईतून भाजी घेऊन, रिक्षा करून, जिने चढून घरी पोचल्या आणि दारात चप्पल काढायला गेल्या तर काढायला एकच होती. दुसरी केव्हा, कुठे गेली, पायाने काहीच कळवलं नाही. लेक परत जाऊन शोधून आला. मेथीच्या जुड्यांपाशी सापडली.

पुढच्या गुरुवारी मी त्यांना सांगितलं, ताई, हे औषध शोधणाऱ्या दोघांपैकी एक तुमच्या नंदुरबारचे. मनसुख वाणी. 1925 चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेला गेले, आणि तिथे मन्रो वॉल या शास्त्रज्ञाबरोबर पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून त्यांनी हे द्रव्य वेगळं काढलं. 1971 मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली. ताई क्षणभर बघत राहिल्या आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान पसरला तो बघण्यासारखा होता. "आमना गावना माणूस शे!" असं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या नर्सलासुद्धा सांगितलं. तेव्हापासून त्या पायांबद्दल तक्रार करत नाहीत. कुणी केली तर त्यांना राग येतो.

डोक्याचं काय झालं ते मात्र नीट सांगता येत नाही, कारण सांगायला लागणारे शब्दच गेलेले असतात. केमोनंतर काही काळ स्मरण आणि लक्ष ढिलं पडतं, हे डॉक्टर लोकही मान्य करतात. मी फ्रिज उघडून त्यातल्या थंडीत उभी राहते आणि "अहो, ते हिरवं, वरून घालतो ते" अशी हाक मारते. हे कोथिंबीर आणून देतात. पूर्वी यांना घरातली कुठलीही वस्तू नावानिशी सांगून सापडत नसे. आता नाव न सांगता सापडते. बाकड्यावर तर सगळ्यांचीच ही अवस्था. शिवणवाल्या ताई आणि परभणीच्या वहिनींचा एक संपूर्ण संवाद मी ऐकलाय, ज्यात "ते" आणि "त्यांचं" यापलीकडे एकही नाम नव्हतं. दोघींनी शेवटी एकमेकींना टाळी दिली.

मग गोळी. ज्यांचा कॅन्सर हार्मोनवर पोसलेला असतो त्यांना पुढची पाच वर्षं, कधी दहा वर्षं, रोज एक गोळी. पुष्कळांना टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेल्यांना बहुधा लेट्रोझोल किंवा तिच्या बहिणी. लेट्रोझोलवाल्यांचे सांधे धरतात; जमिनीवरून उठायच्या आधी त्या तसं जाहीर करतात, म्हणजे आजूबाजूच्यांना तयारीला वेळ मिळतो. टॅमॉक्सिफेनवाल्यांना वाफा येतात. गळ्यापासून वर एकदम भट्टी पेटते, दोनतीन मिनिटं घाम निथळतो आणि मग हुडहुडी भरते. जानेवारीत आमच्या खोलीत माझ्यासाठी पंखा पाचवर असतो आणि यांच्या अंगावर दुलई, त्यावर सोलापुरी चादर, डोक्याला माकडटोपी. 

या गोळीचा इतिहास वाचल्यापासून मी तिला जास्त आदराने गिळते. इंग्लंडमध्ये आयसीआय नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ती 1962 मध्ये तयार केली, ती कुटुंबनियोजनासाठी. शोध चालला होता गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळीचा. उंदरांत ती उत्तम चालली. बायकांत मात्र तिने बरोब्बर उलटं काम केलं. बीजांड सुटायला मदतच करू लागली. त्या परीक्षेत साफ नापास झालेली ही गोळी पुढे सत्तरच्या दशकात कॅन्सरच्या वर्गात बसवली आणि तिथे तिने नाव काढलं. मी हे बाकड्यावर सांगितलं तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अशी मुलं माझ्या शाळेत पुष्कळ होती." परभणीच्या वहिनींनी मात्र निराळाच धसका घेतला. "ओ माय! म्हंजे मी इतके दिवस कुटुंबनियोजनाची गोळी खाऊ लागले? घरी सांगू नका. सासूबाई नव्वदीच्या आहेत, पण त्यांना अजून आशा आहे."

आता ज्याबद्दल लोक सगळ्यात जास्त गप्प बसतात त्याबद्दल. एक स्तन काढल्यावर तिथे काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर पदर बसत नाही, तोल जातो, खांदा एकीकडे ओढतो आणि लोकांची नजर नको तिथे थांबते. सुरुवातीला आम्ही प्रत्येकीने आपापल्या बुद्धीने सोय केली होती. कापूस, घडी घातलेले रुमाल, मुलाचा पायमोजा. कापूस हलका, तो वर चढतो. भजनात टाळ्या वाजवता वाजवता एकीचा गळ्यापाशी आला होता. सिलिकॉनचा आकार वजनाला बरोबर असतो, म्हणून जागेवर राहतो, पण किंमत ऐकून माणूस जागेवर राहत नाही.

बार्बी बाहुली 1959 मध्ये बाजारात आणणाऱ्या रूथ हँडलर यांच्यावरही हीच वेळ आली होती. 1970 मध्ये त्यांचा स्तन काढला. दुकानात जे मिळालं ते त्यांना इतकं बेढब वाटलं की त्यांनी स्वतःच असे स्तन बनवायची कंपनी काढली, "निअरली मी" नावाची, आणि डावा वेगळा, उजवा वेगळा बनवला. ज्या बाईने पोरींना अशक्य बांध्याची बाहुली दिली, तिनेच पुढे बायकांना शक्य तेवढा बांधा परत मिळवून दिला. नियतीने हिशेब चुकता केला म्हणावा इतका नीट जुळलाय.

आमच्या बाकड्याची रूथ हँडलर म्हणजे लालबागच्या शिवणवाल्या ताई. बाकीचे टेलरमास्तर ब्लाउजचं माप घेताना एकदम छताकडे बघू लागतात आणि मग दोन्ही बाजू कटोरीच्या शिवून ठेवतात. ताई विचारतात, "आत काय ठेवणार? कापूस, लोकर का सिलिकॉन?" त्याप्रमाणे त्या अस्तराला आतून मऊ सुती कापडाचा कप्पा लावतात, तोंड काखेच्या बाजूला, त्याला एक टिचबटण. गळा चार बोटं वर. सुजलेल्या हाताची बाही सैल, आत दोन इंच माया सोडून. ज्यांना सिलिकॉन परवडत नाही त्यांना त्या सुती दोऱ्याचा क्रोशाने विणलेला गोळा देतात, आत मऊ भरण. उरलेल्या दोऱ्यात विणतात, त्यामुळे रंगाची निवड नसते. माझा पोपटी आहे. वहिनींचा जांभळा, मधोमध पिवळा पट्टा. "आतलं कोण बघतंय?" असं ताई म्हणाल्या, त्यावर वहिनी म्हणाल्या, "मी बघते ना. इतकी नटवी मी लग्नातबी नव्हते."

या कप्प्याचे उपयोग वाढत जातात. आपल्या बायका पिढ्यान्पिढ्या ब्लाउजमध्ये पैसे ठेवत आल्या आहेत. टिचबटणाचा कप्पा मिळाल्यावर काय विचारता. पास, गोळ्यांची पाकिटं, दोनशेची नोट. बाईंनी एकदा त्यात मोबाइल ठेवला. नातेवाइकांच्या तेराव्याला सगळे डोळे मिटून बसलेले असताना बाईंच्या छातीतून पांडुरंगाचा गजर सुरू झाला. टिचबटण घामाने निघेना. गजर तीनदा झाला. पुरोहितांना वाटलं कुणीतरी मुद्दाम लावलाय. त्यांनी हात जोडले.

कॅन्सर जागृतीचा ऑक्टोबर महिना आम्हाला सत्काराचा जातो. गुलाबी फुगे, गुलाबी साड्या, गुलाबी फिती. या गुलाबी रंगाची कूळकथा मजेदार आहे. अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या बाई घरी बसून पीच रंगाच्या फिती बनवून वाटायच्या. सोबत कार्ड असायचं की सरकार कॅन्सर टाळण्यावर पुरेसा खर्च करत नाही. 1992 मध्ये एका मासिकाला ती फीत हवी झाली. हेलीबाईंना त्यात धंदा दिसला, त्यांनी नाही म्हटलं. मग मासिकाने वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलून गुलाबी केला. म्हणजे आमच्या आजाराचा रंग वकिलांनी ठरवलेला आहे.

मागे एका महिला मंडळाने आम्हा बाकडेकरणींना बोलावलं. दुपारी चारची वेळ, पत्र्याचा हॉल, ऑक्टोबरचं ऊन. पाहुण्यांनी आम्हाला "रणरागिणी" म्हणायला सुरुवात केली. आम्ही गप्प बसलो. रणात जायला आम्हाला कुणी विचारलं नव्हतं आणि तिथे आम्ही केलं काय, तर आडवं पडून राहिलो आणि ओकलो. मग सत्कार. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला ऑक्टोबरात शाल पांघरायची ही कल्पना ज्याला सुचली त्याला औषधशास्त्राचं ज्ञान नसावं. माझ्या खांद्यावर शाल पडली आणि त्याच मुहूर्तावर वाफ आली. घाम कपाळावरून गालांवर, गालांवरून हारावर. पाहुणीबाईंना वाटलं मला भरून आलंय. त्यांनाही भरून आलं. त्यांनी मला शालीसकट मिठी मारली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. बाजूला वहिनींच्या सुजलेल्या हातात नारळ दिला होता आणि तो खाली ठेवायला जागा नव्हती. बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि आम्ही पाचही जणी त्या व्यासपीठावर हसत सुटलो. दुसऱ्या दिवशी फोटो आला, खाली ओळ: दुर्दम्य आशावाद.

या हसण्याबद्दल लोकांचा फार गैरसमज होतो. "तुम्ही किती धीराच्या, एवढं होऊनही हसता." धीराचा संबंध नाही. छातीतून गजर झाला तर कुणीही हसेल. फरक इतकाच की हे हसणं बाकड्याबाहेर चालत नाही. माझ्या एका भाच्याने बाहीवरून एक बरा विनोद केला होता, विनोद म्हणून खरंच बरा, आणि मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. तोच विनोद वहिनींनी केला तेव्हा मला ठसका लागला. याला तर्क नाही. लायसन लागतं म्हणा.

आणि बाकड्यावरही रिपोर्टच्या दिवशी कुणी विनोद करत नाही. स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला जिची पाळी असेल तिच्याबरोबर एक जण आत जाते. फाईल तिनेच धरायची, कारण आपण धरली की हात कापतात आणि कागद वाजतात. जी बरोबर गेली ती डॉक्टर बोलतात ते लिहून घेते, कारण ऐकणारीला पहिल्या वाक्यानंतर काही ऐकू येत नाही. बाहेर आल्यावर रिपोर्ट चांगला असेल तर कॅन्टीनमध्ये वडा. चांगला नसेल तर चहा. 

मागच्या वर्षी बाईंच्या रिपोर्टनंतर चहा झाला. आजार परतला होता, हाडांत. बाई त्यानंतरही बरेच गुरुवार आल्या आणि हजेरी घेत राहिल्या. एकदा त्यांनी दप्तरासारखी पिशवी उघडली आणि वाटप सुरू केलं. नवी कोरी बाही नंदुरबारच्या ताईंना. माप जुळत होतं. डोक्याचे रुमाल शिवणवाल्या ताईंना, ज्या नव्या येतील त्यांना द्यायला. मला व्यायामाच्या तक्त्यांची वही आणि "अक्षर सुधारा" ही सूचना. सिलिकॉनवरून मात्र वाद झाला, कारण तो उजवा होता आणि बाकड्यावर उजव्या बाजूच्या फक्त परभणीच्या वहिनी. वहिनींना तो घ्यायला नको वाटत होतं. "तुम्हाला लागेल की, बाई." बाई म्हणाल्या, "मला आता वर कुणी ब्लाउज शिवून देणार नाही. घ्या. सही करा." खरंच वहीत सही घेतली.

बाई पावसाळ्यात गेल्या. वहिनी त्यानंतर तपासणीला आल्या त्या तो सिलिकॉन घालून. बाई अंगाने भारदस्त होत्या, वहिनी चवळीच्या शेंगेसारख्या; ताईंनी कप्पा दोनदा उसवून शिवला, पट्टा आखूड केला, तरी तो काही ऐकेना. दर दहा मिनिटांनी खाली उतरायचा. वहिनी बाकड्यावर बसून पदराआडून तो वर ढकलायच्या आणि पुटपुटायच्या, "बसा की ओ जरा नीट. सगळ्यांना सरळ बसवायच्या, आता तुम्हीच बसा."

फिजिओथेरपिस्ट मुलगी दारात आली. "कोणाशी बोलताय, मावशी?"

"आमच्या हेडमास्तरीणबाईंशी," वहिनी म्हणाल्या. "अजून आमचं काही ऐकत नाहीत."